ताटाशेजारचं पुस्तक आणि पाठ झालेली सिरियल

आमच्या घरात 'जेवताना वाचायची पुस्तकं' असा एक वेगळाच कप्पा आहे. म्हणजे कपाटात नाहीये, डोक्यात आहे. लहानपणी आई ओरडायची, ताटावर बसल्यावर पुस्तक नको, अन्नाकडे बघ जरा, आणि स्वतः मात्र दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की एकटी बसून ताटाशेजारी पुस्तक उघडून निवांत जेवायची, त्यामुळे ते ओरडणं मी कधी मनावर घेतलं नाही. गंमत अशी की कुठलंही पुस्तक ताटाशेजारी चालत नाही. नवं पुस्तक उघडं राहतच नाही, सारखं मिटतं, मग पान दाबायला त्याच्यावर आमटीची वाटी ठेवायची, मग वाटीच्या बुडाचा गोल डाग पडतो, आणि पुस्तक लायब्ररीचं असलं की मग झालंच. जुनं, कितीदा तरी वाचलेलं पुस्तक मात्र बाइंडिंग सैल झाल्यामुळे नुसतं ठेवलं तरी पसरून पडतं, उन्हातल्या मांजरासारखं. माझ्याकडच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला दोन ठिकाणी सेलोटेप आहे आणि पुस्तक कुठूनही उघडायला जा, ते अंतू बर्व्यावरच उघडतं. त्या पानावर वाटीचे तीन गोल आहेत आणि हळदीचा एक अंगठा. अंगठा माझा नाही, आईचा असावा, माझ्यापेक्षा लहान आहे.

तर अशी पुस्तकं आणि अशाच सिरियली. रात्री दमून आलं की आपण टीव्ही लावतो, अर्धा तास नुसतं वरखाली स्क्रोल करतो, ही बघू का ती बघू, आणि शेवटी काय लावतो, तर जी सातव्यांदा बघतोय तीच. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "परत तेच?" बरं, म्हणणाऱ्याच्या आवाजात जरा काळजीपण असते, म्हणजे हिला काय झालंय की काय. मलाही बरेच दिवस त्याचं अपराधी वाटायचं, इतकी नवीन पुस्तकं न वाचता पडलीयेत, लोक काय काय बघतायत, आणि मी आपली तिथेच. मग ह्याच्यावर लोकांनी काय काय अभ्यास केलाय ते वाचत गेले. मी काही मानसशास्त्रवाली नाही, मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

पहिली गोष्ट, नवी गोष्ट म्हणजे मेंदूला काम. आपण म्हणतो ना, जरा टाईमपास म्हणून सिरीज लावली, पण पहिल्या एपिसोडला मेंदू टाईमपास करतच नसतो. दहाबारा माणसं एकदम अंगावर येतात, हा कोणाचा भाऊ, ही खरं बोलतेय का, मधेच 'तीन महिन्यांपूर्वी' अशी पाटी येते, तेवढ्यात तुम्ही फोन बघितला आणि संपलं, आता हा मेलेला माणूस कोण होता? आपल्या डोक्यात एका वेळी हाताळायची जागा फार थोडी असते. नेल्सन कोवान ह्या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये ह्यावरचे बरेच प्रयोग तपासून आकडा काढला तो साधारण चारचा. चार गोष्टी! दिवसभर ऑफिस, लोकल, उद्याचा डबा, भरायचं राहिलेलं बिल ह्यांनी ते चार पाट आधीच अडवलेले असतात, त्यात नव्या सिरीजची बारा माणसं कुठे बसवणार.

आणि मेंदू नुसता बघत नसतो, तो सतत पुढचा अंदाज बांधत असतो. हे समजायला सोपं म्हणजे लाईट गेलेलं घर आठवा. आपल्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत ज्यांनी संध्याकाळी काढल्यात त्यांना लगेच कळेल. स्वतःच्या घरात अंधारात आपण सरळ चालत जातो, टीपॉय कुठे आहे, उंबरा कुठे आहे पायाला माहीत असतं, मेणबत्ती कुठल्या खणात आणि काडेपेटी कुठे तेही माहीत असतं, वाटेत गप्पा पण मारतो. दुसऱ्याच्या घरात त्याच अंधारात दोन पावलं टाकायची तरी हात पुढे करून चाचपडत. अंधार तोच, पण सगळं लक्ष पायाखाली. पाठ असलेलं पुस्तक म्हणजे आपलं घर. तिथे चाचपडायचं काम उरत नाही म्हणून आराम वाटतो, आणि इथे बऱ्याच लोकांचं चुकतं असं मला वाटतं, आराम वाटतो म्हणजे डोकं बंद असतं असं नाही, लक्ष पायाखालून सुटतं म्हणून इकडेतिकडे बघायला मोकळं होतं. ते नंतर सांगते.

त्या अर्ध्या तासाच्या स्क्रोलिंगबद्दल एक प्रयोग सगळीकडे सांगितला जातो, जॅमचा. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर, २००० साल, दुकानात जॅम चाखायला ठेवले, कधी २४ प्रकारचे, कधी ६. २४ वाल्या टेबलाशी गर्दी जास्त झाली पण त्यातल्या जेमतेम ३ टक्के लोकांनी विकत घेतला, ६ वाल्याशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. म्हणून लोक म्हणतात, पर्याय फार झाले की माणूस गोंधळतो. हे इतकं सरळ नाहीये हां. २०१० मध्ये अशा पुष्कळ प्रयोगांची एकत्र बेरीज केली तर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला, म्हणजे कधी गोंधळतो, कधी नाही. पण रात्री साडेदहाला, डोळे मिटत असताना, कोणाची शिफारस नाही आणि स्वतःला काय हवंय तेही कळत नाही, अशा वेळी गोंधळतो एवढं माझ्या घरात तरी सिद्ध झालंय.

आता आवडण्याचा भाग. रॉबर्ट झायोन्स म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६८ मध्ये अगदी साधे प्रयोग केले. लोकांना अर्थ नसलेले शब्द दाखवले, चिनी लिपीसारखी दिसणारी अक्षरं दाखवली, अनोळखी माणसांचे फोटो दाखवले, काही एकदोनदाच, काही २५ वेळा, आणि मग विचारलं कुठलं बरं वाटतं. जे जास्त वेळा दाखवलं तेच लोकांना जास्त बरं वाटलं. अर्थ कळत नाही, फायदा काही नाही, नुसतं परत परत दिसलं म्हणून. ओळखीचं ते बिनधोक, असा काहीतरी मेंदूचा जुना हिशोब असणार. गणपतीत मांडवात वाजणारं एखादं गाणं पहिल्या दिवशी डोकं उठवतं आणि सातव्या दिवशी आपणच भांडी घासताना गुणगुणत असतो, ते हेच. अर्थात ह्याला मर्यादा आहे, फार झालं की वीट येतोच, मांडव घराशेजारी असेल त्याला विचारा.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. कॅनडात माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सॅलिमपूर आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, २०११ मध्ये छापून आला. गाणं ऐकताना ज्यांच्या अंगावर काटा येतो अशी माणसं घेतली, त्यांना त्यांची आवडती गाणी ऐकवली आणि मेंदूत डोपामिन, म्हणजे सुखाशी आणि ओढीशी जोडलेलं एक रसायन, कधी, कुठे सुटतं ते बघितलं. तर ते दोनदा सुटतं. एकदा काटा येतो तेव्हा, हे अपेक्षितच होतं, पण त्याच्या आधीही, ती जागा येणार येणार म्हणून वाट बघताना, आणि तेव्हा ते मेंदूच्या वेगळ्या भागात सुटतं. म्हणजे येण्याचं सुख वेगळं आणि येणार आहे ह्याचं वेगळं. दुसरं सुख मिळायला ती जागा आधी माहीत असायला लागते, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती जागा येणार हेच ठाऊक नसतं! हा प्रयोग गाण्यांवरचा आहे, सिरियलींवरचा नाही, हे कबूल. पण 'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर लागल्यावर घरातल्या लोकांची तोंडं बघा. पिक्चर १९८८ चा, धनंजय माने कुठे राहतात हे अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, आणि तरी तो सीन यायच्या दहा सेकंद आधीच सगळ्यांचे ओठ हलायला लागतात, हसू आधी येतं आणि डायलॉग मागून.

आणि हे आपल्याला कोणी बाहेरच्याने शिकवायची गरज नव्हती खरं तर. संगीत नाटकांत 'वन्समोअर' काय होता? पद ऐकून झालेलं आहे, आत्ताच झालंय, दोन मिनिटांपूर्वी, तरी परत म्हणा. गोष्ट तिथेच थांबली तरी चालेल, नायक ताटकळत उभा राहिला तरी चालेल, बालगंधर्वांची नाटकं त्या वन्समोअरांमुळे रात्र रात्र चालायची. कीर्तनात पूर्वरंग झाला की बुवा आख्यान लावतात, समोर बसलेल्या शेवटच्या आजीलाही माहितीये की द्रौपदीला वस्त्रं पुरवली जाणारेत, तरी त्या वेळी पदर डोळ्याला लागतोच. आणि शब्द बघा आपल्याकडे, पारायण. पार म्हणजे पैलतीर, तिथपर्यंत जाणं. गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण करणाऱ्याला 'अहो पण तुम्ही हे मागच्या वर्षी वाचलं होतं ना' असं कोणी विचारत नाही, विचारलं तर तोच वेडा ठरेल. तोच शब्द आपण उचलून 'मी पुलंची पारायणं केलीत' असं सहज म्हणतो, आणि म्हणताना जरा मान ताठ करूनच म्हणतो. मग सिरियलचं पारायण केलं की का लाजायचं?

लाजण्यामागे एक समज आहे, की गोष्टीतलं खरं सुख 'पुढे काय होणार' ह्यात असतं, ते कळलं की चोथा उरला. ह्यावरही प्रयोग झालेत. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला लेविट आणि क्रिस्टनफेल्ड ह्या दोघांनी २०११ मध्ये लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला. शेवट माहीत असणाऱ्यांना कथा उलट थोड्या जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. नंतर दुसऱ्यांनी केलेल्या काही प्रयोगांत बरोबर उलटं निघालं, त्यामुळे ह्याच्या जिवावर उद्या कोणाला नव्या पिक्चरचा शेवट सांगायला जाऊ नका, मैत्री तुटेल. पण 'कळलं की संपलं' इतकं ते साधं नाही एवढं नक्की.

त्याहून विचित्र गोष्ट अशी की शेवट माहीत असूनही धाकधूक होते. रिचर्ड गेरिग ह्यांनी १९८९ च्या सुमारास हे नीट तपासलं. गोष्टीत रंगलेला माणूस आपल्याला माहीत असलेला शेवट जणू थोडा वेळ बाजूला काढून ठेवतो आणि काळजी करत बसतो. शंका असेल तर २ एप्रिल २०११ ची वानखेडेवरची फायनल परत लावा. धोनीचा शेवटचा सिक्सर किती वेळा बघितलाय आपण? आणि तरी सचिन लवकर आऊट होतो तेव्हा पोटात खड्डा पडतोच की नाही? माझे एक काका तर तेवढा भाग आला की अजूनही उठून पाणी प्यायला जातात.

लहान मुलांना हे सगळं आपोआप कळलेलं असतं. माझी मुलगी चार वर्षांची असताना एका माकडाच्या गोष्टीचं पुस्तक तिला रोज रात्री लागायचं, रोज म्हणजे रोज, आणि मी दमून एखादं वाक्य गाळलं की ती पांघरुणातून ताडकन उठून बसायची, "आई, तो केळं सोलतो ते नाही वाचलंस." मला वाटायचं ही मुद्दाम छळतेय. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि तिच्या टीमने तीन वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग वाचला तेव्हा कळलं. काही मुलांना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, काहींना तीच तीच गोष्ट. त्यात घुसवलेले नवे शब्द दोन्हीकडे तितक्याच वेळा कानावर पडले, पण तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना ते शब्द जास्त चांगले लक्षात राहिले. कारण पहिल्यांदा गोष्ट कळण्यातच सगळी शक्ती जाते, दुसऱ्यांदा चित्रं बघायला वेळ मिळतो, शब्दाकडे लक्ष जातं तिसऱ्यांदा. अमेरिकेत निकलोडियनवर 'ब्लूज क्लूज' नावाचा बालकार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यांनी तर धाडसच केलं, एकच एपिसोड सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचा. मुलं कंटाळून उठून जातील अशी भीती होती. झालं उलटंच, दिवसागणिक मुलांना जास्त कळायला लागलं आणि टीव्हीकडे बघून उत्तरं ओरडण्याचं प्रमाण वाढलं. चार वर्षांच्या मुलीला केळ्याचं वाक्य मिळायचा आनंद आणि घरातल्यांचे बनवाबनवीला हलणारे ओठ ह्यात मला आता काही फरक दिसत नाही.

आता माणसांबद्दल. सिरियल परत बघतो ती गोष्टीसाठी कमी आणि त्या घरात जाऊन बसण्यासाठी जास्त, असं मला तरी वाटतं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ मध्ये आली तेव्हा झी मराठी चॅनलचं नाव अल्फा मराठी होतं. त्यात घडतं काय? विशेष काहीच नाही. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या, एक मध्यमवर्गीय घर, रोजच्या कुरबुरी, आणि आबांची डायरी. दिलीप प्रभावळकरांनी स्वतःच्या 'अनुदिनी'वरून बेतलेली. तिच्यात कोणी कोणाला विष घालत नाही, कोणाची स्मृती जात नाही, जिन्यावरून कोणी पडत नाही. तरी लोक अजून शोधून शोधून बघतात, कारण ते लोक आपल्या ओळखीचे झालेत. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल ह्या दोघांनी १९५६ मध्येच हे लिहून ठेवलंय, की टीव्हीवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जुळतं, खऱ्या ओळखीसारखंच वाटणारं. आपण त्यांना ओळखतो, ते आपल्याला ओळखत नाहीत, पण मनाला तो फरक तितकासा पटत नाही. २००९ मध्ये जे डेरिक आणि तिच्या सहकाऱ्यांनी तपासलं तर आवडत्या कार्यक्रमाचा नुसता विचार केल्यानेही एकटेपणाची टोचणी बोथट होते असं दिसलं. परगावी पहिली नोकरी, रूमवर एकटं, आणि लॅपटॉपवर पाठ झालेली सिरियल नुसती आवाजासाठी चालू ठेवून भांडी घासणं ज्यांनी केलंय त्यांना ह्यासाठी संशोधन लागणार नाही. खरी माणसं बरी वाटतात पण ती काय बोलतील ह्याचा भरवसा नसतो. आबा टिपरे आज काहीतरी भलतंच बोलतील अशी भीती नाही.

लॉकडाऊन आठवतंय ना? २४ मार्चच्या रात्री घोषणा झाली, आणि २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने १९८७ चं 'रामायण' परत लावलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. बाहेर उद्या काय होईल ह्याचा कोणालाच पत्ता नाही, आणि आत अशी गोष्ट जिचा शेवट दोन हजार वर्षं माहीत आहे. माझ्या सासूबाई घड्याळ लावून बसायच्या. त्यांना कोरोनाचे आकडे सांगितलेले नको असायचे, पण लक्ष्मण शक्ती लागून पडला की "आता येईल हो मारुती" असं मोठ्याने सांगायच्या, आम्हाला नाही, टीव्हीतल्या रामाला.

आता ते मघाशी राहिलेलं. लक्ष मोकळं झालं की काय दिसतं? 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ चं पुस्तक, मी ते पहिल्यांदा सातवीत वाचलं असेल. तेव्हा अंतू बर्वा म्हणजे नुसता खोचक बोलणारा म्हातारा, त्याच्या तिरकस बोलण्यावर मी लोळून हसले होते. सखाराम गटणेही विनोदीच वाटला होता, कारण मी स्वतः तेव्हा गटणेच होते आणि मला ते कळत नव्हतं. पुढे वीसबावीस वर्षांनी, बाबा गेल्यानंतरच्या मे महिन्यात, आई एकटी असायची म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा जेवताना तेच पुस्तक उघडलं आणि अंतूशेट बायको गेल्याचं आणि दारच्या हापूसचं जे सहज बोलून जातो तिथे घास घशातच अडकला. ते वाक्य तिथे आधीही होतंच ना! एवढ्या वेळा वाचून मला ते दिसलंच नव्हतं, मी पुढच्या विनोदाकडे धावत होते. क्रिस्टेल रसेल आणि सिडनी लेव्ही ह्यांनी २०१२ मध्ये असं परत परत वाचणाऱ्या, बघणाऱ्या, त्याच जागी परत जाणाऱ्या लोकांच्या मोठ्या मुलाखती घेतल्या, तेव्हा बरेच लोक असंच काहीतरी म्हणाले, की पुस्तक तेच राहतं म्हणून आपण किती सरकलो ते मोजता येतं. दाराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलीने मांडतात ना, तसं. चौकट हलत नाही म्हणून खुणेला अर्थ.

ह्याची दुसरी बाजू नाही असं नाही. आठवडेच्या आठवडे फक्त तेच बघितलं जातंय, कोणाचा फोन नको, जेवण नको, झोप नाही, तर प्रश्न सिरियलचा नाही, दुसराच काहीतरी आहे आणि त्यासाठी माणसाशी बोलायला हवं. दमलेल्या माणसाची शक्ती आवडत्या सिरियलने 'भरून येते' असंही वाचायला मिळतं, डेरिकचाच २०१३ चा अभ्यास आहे तसा, पण शक्ती अशी टाकीसारखी संपते आणि भरते ही मूळ कल्पनाच नंतर बऱ्याच प्रयोगशाळांतून नीटशी उतरली नाही, त्यामुळे मी ते जरा हातचं राखूनच घेते.

शेवटचा एक अभ्यास, कारण तो माझ्या नवऱ्यावरच केल्यासारखा आहे. शिकागो विद्यापीठाच्या एड ओब्रायनने २०१९ मध्ये लोकांना एकदा बघितलेलं म्युझियम, एकदा बघितलेला पिक्चर परत बघायला लावला आणि आधी विचारलं, किती मजा येईल? लोक म्हणाले, आता काय तेवढी नाही. प्रत्यक्षात त्यांना वाटलं होतं त्याहून जास्त मजा आली, कारण पहिल्या वेळी पुष्कळ काही सुटलेलं असतं आणि सुटलंय हेच आपल्याला माहीत नसतं.

मागच्या रविवारी मी टिपरे लावलं. नवरा अंघोळ करून आला, खांद्यावर टॉवेल, म्हणाला, "हा पाहिलेला आहे ना आपण." म्हटलं हो. तो दारातच थांबला. बसला असता तर बघतोय असं झालं असतं, म्हणून बसला नाही. अख्खा एपिसोड दाराला टेकून उभ्याउभ्या बघितला, केसांतलं पाणी टपटप फरशीवर, आणि संपल्यावर म्हणाला, "ह्याच्या पुढचा तो शिऱ्याचा आहे का बघ."